आधी डिप्लोमा

केनेवेला दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. सेफोकोंग गावाला टपाल यायचं ते मक्याच्या पिठाच्या ट्रकवरून. आठवड्यातून एकदा, आणि वर खिंडीत रस्ता खचला की पंधरा दिवसांतून एकदा. दुकानवाल्या बाईने पाकिटांवरचं पीठ झटकलं, गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलं आणि म्हणाली, "इथेच फोड. आम्हालाही कळू दे."

पहिलं पत्र विद्यापीठाचं होतं. फार्मसीच्या डिग्रीला प्रवेश मिळाला होता, शिक्षण पाच वर्षांचं. दुकानातल्या बायकांनी जिभा हलवून अशी लकेर सोडली की बाहेर बांधलेलं तट्टू बिचकलं. त्या गडबडीत दुसरं पाकीट कोणाच्या लक्षातही आलं नाही. ते राजधानीतल्या, मासेरूच्या आरोग्य प्रशिक्षण कॉलेजचं होतं. फार्मसीचा डिप्लोमा, तीन वर्षं. शिष्यवृत्ती दोन्हीकडे सरकारचीच होती, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. केनेवेने दुसरं पत्र दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि पहिल्याच्या वर ठेवलं.

ती एकोणीस वर्षांची होती, अंगाने किडकिडीत आणि बोलायला सावकाश. पण एकदा बोलली की शब्द मागे घ्यायची नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी सेखोबेमामांपर्यंत पोचली. ते तिच्या आईचे थोरले भाऊ, गावच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. केनेवेला अक्षरं त्यांनीच शिकवली, पट्टीही त्यांनीच मारली आणि वरच्या शाळेचा अर्जही त्यांनीच भरला, त्यामुळे डिग्रीचं पत्र अर्धंअधिक आपल्याच नावाने आलंय असं त्यांना वाटत होतं. शनिवारी त्यांनी एक मेंढा आणला. अंगणात मोठ्या तीनपायी भांड्यात मटण शिजत होतं, ज्वारीच्या बिअरचा तांब्या हातोहात फिरत होता, आणि मामा खांद्यावरचं ब्लँकेट सावरून भाषणाला उभे राहिले.

"आपल्या घराण्यात मास्तर झाले, पोलीस झाले, खाणीत मुकादम झाले," ते म्हणाले. "विद्यापीठाचा उंबरा मात्र आजवर कोणी ओलांडला नव्हता. आज माझी भाची..."

"मामा, मी डिप्लोमाला जाणार आहे," केनेवे म्हणाली.

मामांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"मासेरूचा डिप्लोमा. तीन वर्षांचा."

"डिग्री मिळत असताना?"

"हो."

"डोक्यावर पडलीस का गं? आख्खी भाकरी समोर आलीय आणि तू म्हणतेस मला तुकडा द्या!" मामा तिच्या आईकडे वळले. "हिला काय झालंय? कोणी मुलगा आहे का मासेरूला?"

"मुलगा नाही," केनेवे म्हणाली. "मी आधी मिशनच्या रुग्णालयातल्या न्ताते मोहापींशी बोलते, मग तुम्हाला सगळं सांगते."

वडील भिंतीला टेकून बसले होते. ते खाणीतून छातीचा आजार घेऊन परतलेले होते, आणि त्यांचं बोलणं एरवीही चार शब्दांपलीकडे जात नसे. ते म्हणाले, "मला त्या शिक्षणातलं काही कळत नाही. मला फक्त गोळ्या लागू पडल्या."

त्या गोळ्यांपासूनच सगळं सुरू झालं होतं.

केनेवे बारा वर्षांची असताना वडिलांना टीबी झाला. घरापासून डोंगरावरचं मिशनचं रुग्णालय दोन तासांच्या चालीवर, आणि आई शेतात, म्हणून दर महिन्याला कार्ड घेऊन केनेवे जायची. तिथे औषधांची एक खिडकी होती आणि खिडकीत मोहापी असायचे, ज्यांना सगळे मानाने न्ताते, म्हणजे बाबा, म्हणत. जाड काचांचा चष्मा, इस्त्री केलेला पांढरा कोट, आणि समोर गोळ्या मोजायचा पसरट ट्रे. ते पाच-पाच गोळ्या सुरीने सरकवत मोजायचे, आणि मोजताना राजा जरी खिडकीत आला असता तरी त्यांनी मान वर केली नसती. मोजून झाल्यावर मात्र समोरच्याकडून सगळं वदवून घ्यायचे. "कधी घ्यायच्या? किती? लघवी लाल झाली तर घाबरायचं का?" उत्तर चुकलं की पुडी परत आत.

एकदा तिच्या पुढे एक बाई उभी होती, कडेवर तापाने फणफणलेलं मूल. मोहापींनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा वाचला. मग खिडकी लावून बाहेर आले, अंगण ओलांडून परदेशी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळाने परतले. कागदावरचा आकडा खोडून नवा लिहिलेला होता आणि शेजारी सही होती.

केनेवेने विचारलं, "न्ताते, डॉक्टर चुकले का?"

"डॉक्टर दमलेत," मोहापी म्हणाले. "तुझं कार्ड दे."

त्या दिवशी परत जाताना तिने मनाशी ठरवून टाकलं की आपण मोठेपणी या खिडकीत उभं राहायचं. खिडकी म्हणजे ही, डोंगरावरची. मासेरूतली चकाचक दुकानं तिने तेव्हा पाहिलेलीही नव्हती.

म्हणून मेंढ्याच्या जेवणानंतरच्या सोमवारी ती दोन्ही पत्रं घेऊन मोहापींकडे गेली. त्यांचा स्वतःचा डिप्लोमाच होता, तोही जुन्या काळचा. तेव्हा ते आपली बाजू घेतील याची तिला खात्री होती.

मोहापींनी पत्रं वाचली आणि म्हणाले, "यात विचारण्यासारखं काय आहे? डिग्री."

"पण तुम्ही..."

"मी काय? मी एकतीस वर्षं या खिडकीत उभा आहे. वरून माणसं तपासणीला येतात. काल शाळा सुटलेली पोरं. आणि मला विचारतात, साहेब कुठे आहेत? मी इथलं सगळं चालवतो, पण कागदावर माझ्या नावापुढे सहाय्यक. तुला तसं व्हायचंय?"

"तपासणीला आलेल्यांपैकी डिग्रीवाला कोणी इथे राहिला का?"

"एक आला होता राहायला. पहिला बर्फ पडला आणि गेला."

"न्ताते, तुम्ही निवृत्त कधी होणार?"

"तीन वर्षांनी. का?"

"डिप्लोमा तीन वर्षांचा आहे," केनेवे म्हणाली. "डिग्री पाच. तुम्ही गेल्यावर मधली दोन वर्षं इथे कोण उभं राहणार?"

मोहापींनी ट्रे पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "स्वतःला इतकी मोठी समजू नकोस," ते म्हणाले. "तू नसलीस म्हणून डोंगर खाली येणार नाही. नर्सा औषधं देतील."

"नर्सा बाळंतपणं करतात, टाके घालतात, लसी टोचतात. त्यांनी गोळ्या कधी मोजायच्या? आणि डॉक्टर दमले तर कागद परत कोण नेणार?"

ते जुनं बोलणं हिच्या लक्षात असेल असं मोहापींना वाटलं नव्हतं. त्यांनी खाली बघून पत्रांच्या घड्या घातल्या.

"शिवाय डिग्री कुठे पळून जातेय?" ती म्हणाली. "विद्यापीठ तिथेच राहणार. तुम्ही मात्र इथे राहणार नाही."

"जा मग," मोहापी म्हणाले. "पण तिकडे जाऊन नुसती पास होऊ नकोस. पहिली ये."

ती दुसरी आली. पहिल्या आलेल्या मुलाचे वडील डॉक्टर होते, असं तिने मोहापींना कळवलं. त्यांनी उलट कळवलं की सबबी सांगू नकोस, निघून ये, माझे गुडघे दुखतात.

मामांनी मात्र हे सहजासहजी पचवलं नाही. वर्षभर ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि बोलायला लागल्यावर तिचं नाव टाकून "आमची अर्धी फार्मासिस्ट" म्हणू लागले. लग्नकार्यात, बारशात, मयताला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा. केनेवेने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. एकदा मामांना खोकला झाला आणि ते खिडकीत आले, तेव्हा तिने औषधाची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "मामा, अर्धीच भरलीय. उरलेली डिग्रीवाला आला की देईल." रांगेतली माणसं खो-खो हसली. मामाही हसले, पण बाटली उजेडात धरून पुरी भरल्याची खात्री करूनच गेले.

मोहापी तिला महिनाभर शेजारी उभं करून शिकवत होते, मग कोट खुंटीला अडकवून घरी गेले. बाविसाव्या वर्षी केनेवे त्या खिडकीची मालकीण झाली. पुढे तिचं लग्न झालं. नवरा मोकेते तट्टू पाळायचा आणि माल वाहायला भाड्याने द्यायचा. मुलगी झाली, पाबालो. रीतीप्रमाणे सासरी तिला मापाबालो, पाबालोची आई, म्हणू लागले. रुग्णालयात मात्र ती सगळ्यांची म्मे केनेवे, म्हणजे केनेवेबाईच, राहिली.

कामात ती मोहापींच्या एक पाऊल पुढे होती, हे मोहापीही कबूल करायचे. त्यांनी खिडकी सांभाळली होती; केनेवेने खिडकीपलीकडचा डोंगरही हिशेबात धरला. जून-जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, बर्फाने वाट बंद झाली की वरच्या वस्त्यांतली माणसं गोळ्यांविना अडकायची. तिसऱ्या वर्षी तिने एप्रिलमध्येच वहीत नावं काढली. कोण खिंडीपलीकडे राहतं, कोणाला रोजची गोळी आहे, कोणाचं घर ओढ्याच्या पल्याड. प्रत्येकाची तीन महिन्यांची पुडी बांधली आणि मोकेतेच्या तट्टांवरून मे संपायच्या आत वर पोचवली. त्या हिवाळ्यात वाट अकरा दिवस बंद होती. बर्फ वितळल्यावर मोठ्या डॉक्टरीणबाई यादी घेऊन बसल्या आणि कोणाकोणाचे दिवस चुकले ते विचारू लागल्या.

"कोणाचेच नाहीत," केनेवे म्हणाली.

"कोणाचेच?"

"एका म्हातारबाबांनी एक दिवस चुकवला. पण ते बिअर पिऊन झोपले होते. त्याला बर्फ काय करणार?"

अशी अकरा वर्षं गेली. मग रुग्णालयाचा दर्जा वाढला, नवी इमारत उठली, आणि त्याबरोबर नियम आला की औषधविभागाचा प्रमुख डिग्रीवालाच हवा. पावसाळा संपता संपता कातलेहो आला. वय पंचवीस, खालच्या सपाटीवरचा, टोकदार चकचकीत बूट. तट्टावर पहिल्यांदा बसला तो उलट्या बाजूने घसरला. गावाने ठरवून टाकलं की आता खिडकीत जुंपणार. रांगेत एरवीपेक्षा जास्त माणसं होती, आणि त्यातली अर्धी धडधाकट होती.

केनेवेने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. "ही मोठी औषधांच्या खोलीची. ही फ्रिजची. ही तिसरी कशाची ते मला अकरा वर्षांत कळलेलं नाही, पण न्ताते मोहापींनी दिली म्हणून ठेवलीय. तुला कळलं तर मला सांग."

कातलेहो लाजून म्हणाला, "म्मे, मोठी तुमच्याकडेच राहू दे. मला अजून खोलीचं दारच सापडत नाही."

पोरगा भला होता. सही त्याची, काम तिचं, असं सुरुवातीला चाललं. पण तो शिकायला लाजत नव्हता आणि शिकवताना मिरवत नव्हता. कोणत्या वस्तीला कधी पुड्या जायच्या, कोणत्या म्हातारीला बाटलीचं झाकण उघडता येत नाही, हे ती त्याला सांगायची. तो मोकळ्या वेळी जाडजूड पुस्तकं वाचायचा आणि मधूनच "म्मे, हे बघा गंमत" म्हणून काहीतरी दाखवायचा. तिला त्यात गंमत दिसायची नाही. गोळी कशी द्यायची ते तिला ठाऊक होतं. आत पोटात जाऊन ती काय करते, हा तिला रिकामटेकड्यांचा प्रश्न वाटायचा.

तसं वाटणं फाकिसोच्या कार्डाने संपवलं.

फाकिसो मेंढपाळ होता, चाळिशीचा, वरच्या वस्तीतला. लहानपणी घोड्यावरून पडून डोक्याला मार बसला होता, तेव्हापासून त्याला फिट यायच्या आणि त्यासाठी रोजची गोळी होती. शिवाय एचआयव्हीची गोळीही होती. डोंगरात ते नवल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सरकारने एचआयव्हीची नवी, जास्त चांगली गोळी आणली आणि सगळ्यांबरोबर फाकिसोलाही ती मिळाली. सगळ्यांच्या रक्तातला विषाणू दबला. फाकिसोचा वाढत गेला.

याचा अर्थ केनेवेच्या लेखी एकच होता. माणूस गोळ्या घेत नाही. दर खेपेला ती त्याला झापायची. आजाराचं नाव ती घ्यायची नाही, पण आवाज रांगेच्या शेवटापर्यंत जायचा.

"कुठे टाकतोस रे गोळ्या? मेंढ्यांना घालतोस का?"

"नाही म्मे. सूर्य वर आला की घेतो."

"सूर्य रोज येतो. गोळी रोज पोटात जाते का?"

"जाते म्मे."

"खोटं बोलू नकोस. तुझं रक्त माझ्याशी बोलतं."

तो ब्लँकेट खांद्यावर ओढायचा, पुडी घ्यायचा आणि जायचा. पुढच्या महिन्यात ठरल्या दिवशी पुन्हा हजर.

कातलेहो येऊन चार-पाच महिने झाले होते. एका सकाळी तो कार्डं चाळत होता, त्याने फाकिसोचं कार्ड बाजूला काढलं. "म्मे, हा फिटची गोळी कधीपासून घेतोय?"

"मी यायच्या आधीपासून."

"आणि नवी गोळी दिवसातून एकदाच?"

"सगळ्यांना एकदाच असते. फक्त टीबीचं औषध चालू असेल तर दोनदा. तो बघ, भिंतीवर तक्ता आहे."

"टीबीवाल्यांना दोनदा का देतो आपण?"

"तक्त्यात लिहिलंय म्हणून."

"तक्त्यात का लिहिलंय?"

केनेवेने वळून तक्त्याकडे पाहिलं. कातलेहोने जुन्या पाकिटाच्या पाठीवर यकृताचं चित्र काढलं. ते बटाट्यासारखं दिसत होतं. "टीबीची गोळी यकृताला चाबूक मारते. मग ते दुप्पट जोराने कामाला लागतं आणि ही नवी गोळी लागू पडायच्या आत फस्त करून टाकतं. म्हणून दोनदा. फिटची ही जी गोळी आहे ना म्मे, तिच्या हातातही तोच चाबूक आहे."

"मग तक्त्यात ती का नाही?"

"टीबीवाले शेकडो, हे दहा-बारा. जे नेहमी लागतं तेवढंच तक्त्यात घेतात."

केनेवे स्टुलावर बसली. फाकिसोच्या कार्डावरच्या तारखा तिने एकेक करून बोटाने पाहिल्या. एकही चुकलेली नव्हती. माणूस दोन वर्षं रोज गोळी घेत होता, दर महिन्याला सहा तासांची जा-ये करत होता, आणि ती त्याला भर रांगेत खोटारडा म्हणत होती.

त्याच दिवशी कातलेहो आणि ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि औषध बदलायचं ठरलं. तशीच गोळ्यांची जोडी असलेली आणखी दोन कार्डं निघाली. कातलेहो म्हणाला, "फाकिसोला निरोप पाठवू या. तो आला की समजावू."

"निरोप नको," केनेवे म्हणाली. "मी जाते."

शनिवारी ती आणि मोकेते दोन तट्टांवरून निघाले. वाटेत मोकेतेने दोनदा विचारलं, काय बोलणार आहेस म्हणून. ती म्हणाली, "जे झालं ते."

फाकिसो गोठ्याची भिंत रचत होता. बायको मादिनेओ दारात कणसं भाजत बसली होती. तिने पाहुण्यांना बसायला कातडं टाकलं आणि एकेक कणीस हातात दिलं. केनेवेने कणीस मांडीवर ठेवलं आणि सरळ सांगून टाकलं. औषधात चूक होती. दोन गोळ्या एकमेकींशी पटत नव्हत्या. तिला ते माहीत नव्हतं. "तुम्ही खरं बोलत होता न्ताते. मी चुकले. माफी मागायला आले."

एरवी ती त्याला अरेतुरे करायची. आज तिने न्ताते म्हटलं, हे मादिनेओच्याही लक्षात आलं.

फाकिसोने दगड खाली ठेवला. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. हिला सांग."

"हिला?"

"तू रांगेत ओरडायचीस, ते बायका गावात घेऊन यायच्या. दोन वर्षं ही रोज सकाळी माझ्यासमोर बसते आणि मी गोळी गिळतो का ते बघते. गिळून झाली की तोंड उघडायला लावते. लहान पोरासारखं."

मादिनेओ चुलीकडे बघत राहिली. "मला वाटायचं, हा मला मुलांसकट टाकून मरायला निघालाय," ती म्हणाली. "आणि मला फसवतोय."

केनेवे उठून तिच्याजवळ जमिनीवर बसली. "एकही गोळी चुकली नाही यांची. एकही नाही, म्मे. आख्ख्या डोंगरात यांच्याइतकं नेमाने कोणी घेत नाही."

मादिनेओने पदरासारखं ब्लँकेटचं टोक तोंडाशी धरलं. मोकेते उगाच उठून तट्टांना पाणी दाखवायला गेला. परतायच्या वेळी फाकिसो म्हणाला, "एक राहिलं. ओरडलीस तेव्हा खिडकीतून ओरडली होतीस. घरात येऊन हळू सांगितलंस, हे गावाला कसं कळणार?"

"बरोबर आहे," केनेवे म्हणाली.

पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा रांग अंगणाच्या फाटकापर्यंत होती. त्याची पाळी आली तशी केनेवेने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. "ऐका सगळे! न्ताते फाकिसोंनी दोन वर्षांत एक गोळी चुकवलेली नाही. मी ओरडायचे ते खोटं होतं. चूक माझी होती, यांची नव्हती!"

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मग आम्हाला ओरडतेस ते?"

"तुला ओरडते ते खरंच आहे, मोत्सोआहाए! मागच्या महिन्याच्या गोळ्या आधी दाखव."

फाकिसोने टोपी काढून रांगेकडे एकदा पाहिलं आणि पुडी घेऊन गेला. सहा महिन्यांनी त्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला.

त्या आठवड्यात केनेवेने विद्यापीठाचा अर्ज मागवला. आता खिडकीत कातलेहो होता, आणि तिच्याच हाताखाली तयार झालेली मोदियेही नावाची डिप्लोमावाली मुलगीही होती. जागा रिकामी पडायची भीती नव्हती. मोकेतेने एवढंच विचारलं, "चार-पाच वर्षं?" डिप्लोमामुळे पहिलं वर्ष माफ होणार होतं. ती म्हणाली, "चार. सुट्टीत येत जाईन. हिवाळ्याच्या पुड्या तुलाच वाहायच्यात, मोदियेही बांधून देईल."

सेखोबेमामा आता ऐंशीला टेकले होते. दिसायचं कमी, ऐकू मात्र हवं तेवढं यायचं. बातमी ऐकून ते खुर्चीत ताठ झाले. "पंधरा वर्षं! पंधरा वर्षं माझं ऐकायला लागली तुला! तेव्हा गेली असतीस तर आज कुठल्या कुठे असतीस."

"कुठे असते मामा?"

"मासेरूला. मोठ्या ऑफिसात."

"तेच तर," केनेवे म्हणाली. "तेव्हा मला हे डोंगर सांभाळायचे होते, त्याला डिप्लोमा पुरला. आता पुरत नाही, म्हणून जाते. तेव्हाही मी बरोबर होते आणि आताही बरोबर आहे."

"आणि मी?"

"तुम्ही पंधरा वर्षं लवकर होता."

मामांनी पुटपुटत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मेंढा आणायला सांगतो कोणाला तरी," ते म्हणाले. "या वेळी भाषण लहान करीन."

विद्यापीठात पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मॅडम आल्या. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा एकच खसखस पिकली. रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत तिला अडतीस गुण पडले. तिने पेपर घडी घालून ठेवला आणि संध्याकाळी वसतिगृहात एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं दार वाजवलं. "तुला सत्त्याऐंशी आहेत. मला शिकव. मी तुला डोस काढायला शिकवते, तुझं ते कच्चं आहे." मुलीला राग आला, मग हसू आलं, मग दोघींनी मिळून मक्याचा पापा, म्हणजे पिठाची घट्ट उकड, आणि भाजी रांधली आणि वह्या उघडल्या. पुढच्या परीक्षेत केनेवेला एकसष्ट पडले आणि त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही. प्रात्यक्षिकात तर प्राध्यापकच तिला पुढे बोलावू लागले. एकदा त्यांनी विचारलं, "रुग्ण गोळ्या घेत नाही असं दिसलं तर पहिलं काय कराल?" वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, समुपदेशन. केनेवे म्हणाली, "पहिलं, तो घेतोय असं धरून चालू. मग आपली चूक शोधू. ती सापडली नाही तर समुपदेशन." आणि तिने फाकिसोचं नाव न घेता सगळी हकिकत सांगितली, स्वतःच्या ओरडण्यासकट.

चार वर्षांनी ती डिग्री घेऊन परतली. कातलेहोची मासेरूला बदली झाली होती. जाताना त्याला तट्टावर नीट बसता येत होतं. त्याची जागा केनेवेला मिळाली, आणि डोंगरातल्या नऊ दवाखान्यांची औषधंही तिच्या सहीखाली आली. तिने पहिल्या महिन्यात नवा तक्ता केला, सोथो भाषेत, ठळक अक्षरांत. जुन्यात दोन रकाने होते, तिच्यात तीन. तिसऱ्याचं नाव होतं "का". त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर हलवावं लागलं. न्ताते मोहापी काठी टेकत तो बघायला आले, चष्मा कपाळावर चढवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला, आणि एका शब्दाची चूक काढून गेले.

हल्ली वरच्या शाळेतून मुली तिला विचारायला येतात. डिप्लोमा करू की डिग्री? ती उत्तर देत नाही. "कुठे उभी राहणार आहेस ते सांग," म्हणते. "आणि कधीपर्यंत पोचायला हवंय." काही मुली तिथेच ठरवून जातात, काही रडवेल्या होतात, एकदोघी आईला घेऊन पुन्हा येतात. मोदियेही डिप्लोमावरच खूश आहे, आणि केनेवेने तिला कधी टोकलेलं नाही.

मागच्या ईस्टरला सगळे जेवायला बसले होते. पाबालो आता सतरा वर्षांची आहे, आईसारखीच किडकिडीत, पण बोलायला घाईची. ती ताट पुढे ओढून म्हणाली, "मी आत्ताच सांगून ठेवते. मी फार्मसी करणार नाही. डिप्लोमा नाही नि डिग्री नाही. मला पूल बांधायचेत."

मोकेते मोठ्याने हसला. "आधी खालच्या नदीवर बांध. दर पावसाळ्यात माझी तट्टं अडकतात."

"हसू नका बाबा. मी खरं सांगतेय."

केनेवेने तिच्या ताटात भाजी वाढली. "पुलांचाही डिप्लोमा असतो का?"

"असतो. आणि डिग्रीपण."

"बरं," केनेवे म्हणाली. "आधी जेव. मग तुझ्या दोन्ही माहितीपुस्तिका आण, सावकाश बघू."